कार्डावर नसलेलं उत्तर

टक्.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टक्.

रविवारची दुपार होती आणि घरात कधी नव्हे ती शांतता होती. सासूबाई सकाळीच नणंदेकडे गेल्या होत्या, जेवणखाण उरकूनच परतणार होत्या. नवरा कामासाठी बाहेरगावी, मंगळवारी उगवणार. आणि मुंगी जेवताजेवताच पेंगून पलंगावर आडवीतिडवी पसरली होती. मुंगी म्हणजे पाच वर्षांची लेक. अंगानं एवढीशी, पण दिवसभर घरातलं काही ना काही इकडून तिकडे ओढून नेणारी, म्हणून मुंगी. अशी दुपार पार्लरवालीच्या वाट्याला वर्षातून दोनतीनदाच यायची. ती पाय वर घेऊन नुसती बसली होती. काही न करता बसणं हेही एक काम असतं, आणि ती ते फार मन लावून करत होती.

टक्.

आवाज धुण्याच्या मशीनमधून येत होता. कपडे पिळून झाले की ड्रम गरगरायचा थांबतो आणि शेवटी आपल्याच वजनानं डुलत राहतो. आत काही राहिलं असलं तर ते तेव्हा वाजतं. मुंगीबाईंचा खजिना असणार, असं म्हणत तिनं दार उघडलं. पण हाताला लागला तिचा स्वतःचा काळा कोट, पार्लरमध्ये अंगावर चढवायचा. त्याच्या खिशात एक पिनेचा बिल्ला होता, त्यावर लिहिलं होतं ‘पार्लर’. आणि प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं एक कार्ड होतं, पत्त्यांमधल्या पानापेक्षा जरासं मोठं.

हे कार्ड काल एका बाईनं तिच्या हातात दिलं होतं आणि तिनं ते न वाचताच खिशात टाकलं होतं. आता वाचलं.

‘तुम्ही एकसष्ट वर्षांचे निवृत्त ट्रकचालक आहात. पत्नीला जाऊन सहा महिने झाले. झोप लागत नाही. समोरच्यानं थेट प्रश्न विचारला तर आधी हसण्यावारी न्या. दुसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणा.’

तिनं ते परत वाचलं. उलटून मागची बाजू बघितली. मागं कोरं होतं.

मशीनसमोर उकिडवी बसल्या बसल्या तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. काल त्या बाईनं यातलं एक अक्षरही उच्चारलं नव्हतं.

काल, म्हणजे शनिवारी, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दिवसभराचं प्रशिक्षण होतं. आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेनं ते ठेवलं होतं, आणि बोलावलं होतं ते डॉक्टर-वकिलांना नाही. औषधांच्या दुकानातले काका, शिंपी, पोस्टमन, ग्रंथपाल बाई, दोन शिक्षिका, बस कंडक्टर, अशी वीस माणसं. ज्यांच्यासमोर लोक रोज येतात आणि दोन मिनिटं तरी थांबतात, अशी.

“केस कापायला येतात तुझ्याकडे बायका, जीव द्यायला नाही,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “आणि लोकांना विचारत सुटण्याआधी घरातल्यांना विचार, चहा हवाय का म्हणून.”

“विचारते ना. हवाय का?”

“आता कसला, नऊ वाजले.”

प्रशिक्षक बाई मात्र पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या, “पार्लरवाल्या ताईंचं काम इथं सगळ्यांत महत्त्वाचं. त्यांच्या खुर्चीत बसलेलं माणूस आरशाकडे बघून बोलतं. तोंडावर जे बोलत नाही, ते आरशात बोलतं.” पार्लरवालीला हे ऐकून बरं वाटलं होतं. एवढ्या वर्षांत तिच्या कामाबद्दल कोणी इतकं नीट बोललं नव्हतं.

प्रशिक्षणाचा एक नियम होता. नावं-आडनावं दाराबाहेर ठेवायची. लोकांनी मोकळं बोलावं, उद्या गल्लीत कोणी कोणाचं बोललेलं वाजवू नये, म्हणून. ज्यानं त्यानं बिल्ल्यावर आपला धंदा लिहायचा, बस. तसं दिवसभर ‘औषधवाले’, ‘शिंपी’, ‘पोस्ट’ असं चाललं होतं आणि मोठी माणसं शाळेत गेल्यासारखी खुशीत होती.

मुख्य शिकवणूक साधी होती. एखादं माणूस खचलेलं वाटलं तर आडून आडून विचारू नका. सरळ विचारा, तुमच्या मनात जीव द्यायचं येतं का. विचारल्यानं कोणाच्या डोक्यात ते नव्यानं शिरत नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून सुटका होते. मग ऐका, एकटं सोडू नका, आणि मदतीपर्यंत घेऊन जा. ऐकायला सोपं, पण हे वाक्य तोंडातून निघता निघत नाही. पार्लरवालीनं जेवणाच्या सुट्टीत बेसिनवरच्या आरशासमोर चारदा म्हणून बघितलं, आणि चारही वेळा ‘जीव’पाशी जीभ अडली.

दुपारी सराव झाला. एकानं खोक्यातून कार्ड उचलायचं आणि कार्डावरचं माणूस व्हायचं, दुसऱ्यानं विचारायचं. शेवटची जोडी सगळ्यांसमोर. पार्लरवालीचा जोडीदार शिंपी, पण त्याला दुकान उघडायचं होतं म्हणून तो जेवणाच्या सुट्टीतच सटकला होता. ती एकटी उभी राहिली. तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई उठली, पुढं आली, खोक्यातून कार्ड घेतलं आणि समोरच्या खुर्चीत बसली. तिच्या बिल्ल्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

पार्लरवालीनं श्वास घेतला. या खेपेला वाक्य अडखळलं नाही.

“तुमच्या मनात जीव द्यायचं येतं का?”

“हो,” बाई म्हणाली.

आवाज स्वच्छ होता, शब्द सुटे सुटे. कुठंतरी ऐकलेला वाटावा असा आवाज. तिनं सांगितलं की कुंड्या शेजाऱ्यांना देऊन झाल्यात. पडदे धुऊन, घडी करून ज्याला हवे त्याला दिले. घर झाडून ठेवलंय, मागून कोणाला आवरायला लागू नये. “दर रविवारी संध्याकाळी सात वाजता मी बहिणीला फोन करते. या रविवारचा करीन. आणि मग झालं.”

ती हे थोडं हसून बोलली. पोस्टाच्या खिडकीवर माणूस बोलतं तसं.

मग प्रशिक्षक बाई पुढं आल्या. “बघितलंत? रडारड नाही, आकांडतांडव नाही. खरी माणसं अशीच सांगतात. फार सुरेख.” आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. औषधवाले काका म्हणाले, “बाई, तुम्ही नाटकात काम करा.” पार्लरवालीनंही टाळ्या वाजवल्या, जोरात, कारण आपली परीक्षा पास झाल्याचा तो आनंद होता. त्या गडबडीत बाईनं कार्ड तिच्या हातात ठेवलं. “तुमच्याकडे राहू दे,” म्हणाली. मग फोटो झाला, चहा झाला, आणि ती कधी गेली ते कोणी पाहिलं नाही.

पार्लरवालीनं घड्याळाकडे बघितलं. पावणेदोन. रविवार.

तिनं प्रशिक्षक बाईंना फोन लावला. कार्ड वाचून दाखवलं.

“ती तुमच्यातली नव्हती?” प्रशिक्षक बाई म्हणाल्या.

“मला वाटलं तुमच्या संस्थेची. सरावासाठी आणलेली.”

“आम्ही कोणालाच आणत नाही.” कागद चाळल्याचा आवाज आला. “नावं वीस होती. सह्या वीस. सकाळचे चहा मात्र मी एकवीस सांगितले होते, कारण डोकी मोजली ती एकवीस भरली. तेव्हा मला काही वाटलं नाही.” मग त्यांचा आवाज बदलला, कामाचा झाला. त्या दोन तासांच्या अंतरावर होत्या. लगेच निघते म्हणाल्या. ओळखीच्या डॉक्टरांना तयार ठेवते, गरज पडली तर आपत्कालीन सेवेलाही कळवते, पण पत्ता हवा. “तुम्ही शोधा. एकट्या मात्र जाऊ नका. आणि सापडली की परत विचारा.”

“परत?”

“काल तुम्ही विचारलंत आणि तिनं सांगितलं. ऐकलं नाही ते आपण.”

पुढचा अर्धा तास फार विचित्र गेला. तिनं एकेकाला फोन केला. औषधवाले काका म्हणाले, बाई चांगली धिप्पाड होती, पन्नाशीची. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, छे, काडीपहिलवान, तिशीची असेल नसेल. पोस्टमनला चष्मा आठवत होता. कंडक्टर म्हणाला, चष्मा नव्हता, पण मला सारखं वाटत होतं की हिला मी रोज भेटतो. एवढी माणसं दिवसभर ‘लक्ष द्यायला शिका’ हे शिकत बसली होती, आणि त्यातल्या एकालाही तिचा चेहरा सांगता येईना. पार्लरवालीनं स्वतः डोळे मिटून बघितलं. खुर्ची दिसली, हात दिसले, खिडकीतला उजेड दिसला. चेहऱ्याच्या जागी नुसतं ते हसू होतं.

मग तिनं ग्रुपवर आलेला फोटो उघडला. पहिल्या रांगेत खुर्च्या, मागं उभे. शिंपी नसूनही वीस. आणि सर्वांत कडेला ती, नेमकी खिडकीकडे वळलेली. तोंड दिसत नव्हतं. दिसत होती ती मान आणि केस.

इथं मात्र पार्लरवालीची बोटं थांबली. चेहरे तिच्याही लक्षात राहत नसत, पण डोकी राहत. तिनं फोटो मोठा करत नेला. केस मानेवर कापलेले, अगदी ताजे, दोनतीन दिवसांचे. मानेची कातडी केसांखाली फिकी, म्हणजे वर्षानुवर्षं तिला ऊन लागलं नव्हतं. एवढ्यातच लांब केस उतरवलेत. आणि खालची कड एका बाजूला किंचित वर चढत गेलेली. उजव्या हाताची कात्री अशी चढत नाही.

या भागात डाव्या हातानं कात्री चालवणारी एकच होती. तिला सगळे डावरी म्हणत, आणि पार्लरवालीचं तिच्याशी गेली चार वर्षं धड बोलणं नव्हतं, एका गिऱ्हाइकावरून.

मुंगीला उठवावं लागलं. घरी ठेवायला कोणी नव्हतं. “कुठं जायचं?” तिनं डोळे न उघडताच विचारलं. “एका मावशीला शोधायला.” “ती लपलीय?” “हो, थोडीशी.”

डावरीचं दुकान पाच थांबे पुढं होतं. बस जवळजवळ रिकामी होती. मुंगी खिडकीला नाक लावून बसली. बस सुटली, आणि डोक्यावरच्या जाळीतून रोजचा आवाज आला.

“पुढचा थांबा, रुग्णालय. उतरताना काळजी घ्या.”

पार्लरवालीनं मुंगीचा हात घट्ट आवळला.

शब्द सुटे सुटे. प्रत्येक शब्दाच्या शेवटी थोडं हसू. हा आवाज ती सात वर्षं ऐकत होती, इतका की ऐकणं कधीच बंद झालं होतं. “पुढचा थांबा, वाचनालय,” आवाज म्हणाला. “काळजी घ्या.” मागच्या बाकावरचा म्हातारा डुलक्या घेत होता. चालक शीळ घालत होता. बसभर ती बाई बोलत होती, आणि बसमध्ये कोणीही तिचं ऐकत नव्हतं.

“आई, माझा हात दुखतोय,” मुंगी म्हणाली. तेव्हा तिनं पकड सैल केली.

डावरी दुकानात एकटीच खुर्चीत बसून स्वतःची नखं कापत होती. “अगंबाई,” ती म्हणाली. “वाट चुकलीस की भांडण उरलंय थोडं?”

“भांडण नंतर. हे केस तू कापलेस?”

डावरीनं फोटो बघितला. मग पार्लरवालीच्या तोंडाकडे बघितलं आणि थट्टा गिळली. “गुरुवारी आली होती. कमरेखाली केस होते गं, इतके की मला हात लावायला जिवावर आलं. म्हटलं, का? तर म्हणे, सोबत नेऊन काय करू. कुठं नेऊन ते मी विचारलं नाही. मला वाटलं बदली झाली असेल.” तिनं खालचा खण ओढला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली वेणी होती, दोन्ही टोकांना दोऱ्यानं बांधलेली, जाड, काळी, जरा ओलसर वाटावी अशी. “कोणाला हवी तर द्या म्हणाली. माझ्यानं देववेना, टाकवेना. तीन दिवस खण उघडला की दचकायला होतंय.”

मुंगीनं बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. “ही झोपलीय?”

“राहते कुठं?” पार्लरवालीनं विचारलं.

“मागची पिवळी इमारत. मी तिला तिथून येताना बघते. का, झालं काय?”

सांगितलं तेव्हा डावरीनं दुकानाचं शटर अर्ध्यात ओढलं आणि चप्पल शोधायला लागली. पार्लरवालीनं पिवळ्या इमारतीचा पत्ता प्रशिक्षक बाईंना पाठवला. तीन झाले होते.

इमारतीत लिफ्ट नव्हती. प्रत्येक मजल्यावर दोन दारं, दारांवर नावं. पहिल्या मजल्यावर कठड्याला सात कुंड्या होत्या, एकाच रंगाच्या, आणि त्यांना पाणी घालणाऱ्या काकू म्हणाल्या, “वरच्या बाईंनी दिल्या. फार मायाळू. तिसऱ्यावर, नावाची पाटी नाही तेच दार.” दुसऱ्या मजल्यावर एका खिडकीला नुकतेच लावलेले निळे पडदे होते, खिडकीच्या मापापेक्षा लांब. पार्लरवालीला वाटलं, आपण त्या बाईलाच तुकड्या-तुकड्यानं पायऱ्यांवर भेटत वर चाललोय. वर पोचेपर्यंत काही शिल्लक असेल ना.

तिसऱ्या मजल्यावर दार लोटलेलं होतं, कडी नव्हती.

“तू हिला घेऊन इथंच थांब,” ती डावरीला म्हणाली. डावरीनं मुंगीचा हात धरला. पार्लरवालीनं दार ढकललं.

खोली रिकामी होती. म्हणजे सामान नव्हतं. भिंतींवर फिकट चौकोन होते, जिथं काहीतरी वर्षानुवर्षं टांगलेलं असावं. गॅलरीच्या फरशीवर कुंड्यांची सात वर्तुळं. फरशी इतकी पुसलेली की तिच्यात खिडकी दिसत होती. आणि खिडकीपाशी, खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीत, ती बाई बसली होती. मांडीवर फोन.

“तुम्ही,” ती म्हणाली. “अजून सात नाही वाजले.”

रिकाम्या खोलीत आवाज बसमधल्यासारखाच घुमला. पार्लरवालीला वाटलं, आता ही ‘काळजी घ्या’ म्हणणार आणि आपण ओरडून खाली पळणार. ती पळाली नाही. बसायला जागा नव्हती म्हणून फरशीवर बसली. खाली बसल्यावर पहिल्यांदा तिला बाईचा चेहरा दिसला. साधा होता. डोळ्यांखाली काळं, ओठ सुकलेले. चाळिशीची असेल. यात न दिसण्यासारखं काय होतं?

“तुम्ही काल तिथं कशा आलात?” तिनं विचारलं.

“खाली पोस्टर लागलं होतं. ‘विचारा’ असं मोठ्या अक्षरात. मला वाटलं, वर कोणीतरी विचारत असेल.” बाई थोडी हसली. “एका मुलीनं दारात बिल्ला दिला. म्हणाली, काय करता ते लिहा. मला काही सुचेना. बसमधले थांबे बोलायचे ते काम गेल्या महिन्यात संपलं. आता नवे थांबे यंत्रच बोलतं, माझ्याच आवाजात. मला बोलायला लागत नाही.” ती थांबली. “तुम्ही छान विचारलंत हो. आजपर्यंत इतकं सरळ कोणी विचारलं नव्हतं. म्हणून मीही सरळ सांगितलं.”

“आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.”

“हो.”

याच्यावर काय बोलायचं ते कोणत्याच कागदावर नव्हतं. पार्लरवालीला दिवसभराचं शिकलेलं काहीच आठवेना. पहिल्यानंतर दुसरी पायरी कोणती, तिसरी कोणती. एकच वाक्य आठवत होतं.

“काल मी परीक्षा देत होते,” ती म्हणाली. “आज विचारते. तुमच्या मनात जीव द्यायचं आहे का?”

बाई खिडकीकडे वळली. फोटोतली तीच मान, तीच चढती कड. परत वळली तेव्हा ते हसू चेहऱ्यावर नव्हतं.

“आहे,” ती म्हणाली. आणि हा आवाज वेगळा होता. बारका, घोगरा, मधेच तुटलेला. हा कुठल्याच बसमध्ये वाजला नव्हता.

मग ती बोलली. पार्लरवाली ऐकत राहिली. मोठं कारण काही नव्हतं. बोट दाखवावं असं एकही नव्हतं, म्हणून कोणाला सांगायची लाज वाटायची. सकाळी उठून दिवसाकडे बघितलं की तो समोरच्या भिंतीसारखा वाटायचा. बहीण दर रविवारी विचारायची, बरी आहेस ना, आणि ही म्हणायची, मी बरी आहे. “त्या आवाजात म्हटलं की कोणीही विश्वास ठेवतं. मलासुद्धा अर्धा तास खरं वाटायचं.”

“फोन आत्ता करा,” पार्लरवाली म्हणाली. “सातची वाट नको. आणि तो आवाज नको.”

“ती घाबरेल.”

“घाबरू दे की. बहीणच आहे.”

दारात खुडबुड झाली. मुंगी डावरीचा हात सोडवून आत आली होती आणि खोलीच्या मधोमध उभी राहून बाईकडे टक लावून बघत होती. “तू बसमधली मावशी?”

“हो,” बाई म्हणाली.

“मग बसमध्ये आत्ता कोण बोलतंय?”

बाईच्या तोंडून एक आवाज निघाला. हसण्याचा होता, पण निम्म्यात रडणं झाला. त्यातच तिनं फोन लावला. पार्लरवालीनं फोन धरलेल्या हाताखाली आपला हात धरला. पलीकडून बहिणीचं “अगं, आज लवकर?” ऐकू आलं.

“मी बरी नाही,” बाई म्हणाली, त्या बारक्या आवाजात. “ऐकतेस? मी बरी नाही गं.”

बहीण पाऊण तासात आली. ओट्यावर पीठ तसंच टाकून आलेली, कपाळावर पिठाचं बोट. तिनं खोली बघितली, फिकट चौकोन बघितले, आणि काही न विचारता बहिणीला इतकं घट्ट धरलं की खुर्ची मागं सरकली. प्रशिक्षक बाई धापा टाकत जिना चढून आल्या तेव्हा साडेचार वाजले होते. त्यांनी डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं, ते आजच तपासणार होते. पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. डावरीनं खालच्या काकूंना गाठून दोन कुंड्या परत आणल्या आणि गॅलरीतल्या वर्तुळांवर नेमक्या ठेवल्या. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

निघताना बाई दारात थांबली. बहिणीनं तिच्या दंडाला धरलं होतं. तिनं पार्लरवालीकडे बघितलं.

“उद्या सकाळी मी तुम्हाला फोन करीन,” ती म्हणाली. “डॉक्टर सांगतील ते करीन. आता काळजी करू नका.”

बहिणीनं डोळे पुसले. प्रशिक्षक बाईंनी मान हलवली. पार्लरवालीनंही हलवली. प्रशिक्षक बाईंच्या गाडीचं दार लागलं आणि गाडी कोपऱ्यावर वळली.

ऊन उतरलं होतं. मुंगी चालून चालून दमली म्हणून पार्लरवालीनं तिला कडेवर घेतलं. आता ती तशी जड झाली होती, पण आज तिला खाली ठेवावंसं वाटत नव्हतं. डावरी दुकानापाशी वळली, “भांडण राहिलं हं आपलं,” म्हणाली, आणि गेली. रस्त्यावर दोघीच राहिल्या. मुंगीनं आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. पार्लरवालीला वाटलं झोपली.

“आई,” मुंगी कानाशी म्हणाली. “त्या मावशीचे दोन आवाज आहेत ना?”

“हं.”

“एक रडका आणि एक बसमधला.”

“हं.”

“मग शेवटी ‘उद्या फोन करीन’ म्हणाली ना, ते कुठल्या मावशीनं म्हटलं?”